मोटार सगळ्यात शेवटी निवडा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. घरचा धंदा सुतारकामाचा, पण गेली पाच वर्षं ते मुख्यतः सागवानी देवघरांवरचं आणि दाराच्या चौकटींवरचं कोरीव काम करतात. काम घराच्या पडवीतच चालतं, दोन लहान मुलं तिथेच खेळत असतात. वडील ६८ वर्षांचे, अजूनही पटाशीनेच कोरतात. वाचकांनी हातात धरून वापरायची छोटी रोटरी मशीन घेऊन पाहिली, पण दीड वर्षात दोन जळली. दुसरं तर वेग कमी करून १२ मिलिमीटरच्या बिटाने, म्हणजे कापणाऱ्या टोकाने, नक्षीमागची जमीन खाली नेतानाच गेलं. आता मोठ्या ऑर्डरी येत आहेत, म्हणून त्यांना फ्लेक्झिबल शाफ्टचं, म्हणजे मोटार वेगळी आणि तिचं फिरणं लवचिक तारेने हातापर्यंत आणणारं, 'हेवी ड्युटी' मशीन घ्यायचं आहे. हाताशी ३० हजार रुपये आहेत आणि सल्ले तीन बाजूंनी येत आहेत. दुकानदार म्हणतो, १ एचपीचं घ्या, आयुष्यभर जळणार नाही. न्यू जर्सीतले साडू म्हणतात, दिवाळीला येताना फोरडम कंपनीचं घेऊन येतो. वडील म्हणतात, मशीनने हात बिघडतो. वाचक विचारतात, "सगळ्यात जास्त वॅटचं आणि जास्त आरपीएमचं कोणतं, ते एकदाच सांगा. पुन्हा पुन्हा खर्च परवडत नाही." पत्राखाली एक ता. क. आहे: "मशीन फार थरथरतं, संध्याकाळी उजव्या हाताला मुंग्या येतात, पण ते चालायचंच."

नमस्कार.

तुमच्या ता. क.पासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्या पत्रात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मुंग्या येणं हे चालायचं नाही. थरथरणारं हत्यार रोज तासन्‌तास हातात राहिलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. आधी संध्याकाळपुरत्या मुंग्या येतात, मग सकाळी उठल्यावरही बधिरपणा राहतो, पुढे थंडीत बोटांची टोकं पांढरी पडू लागतात. तिथवर गेलेलं नुकसान बऱ्याचदा भरून येत नाही. ज्याचं पोट बोटांच्या स्पर्शावर आहे, त्याने हे हसण्यावारी नेऊ नये. मुंग्यांचं कारण मानेत किंवा मनगटातही असू शकतं आणि ते पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रोज किती तास कोणतं हत्यार हातात असतं, बधिरपणा कोणत्या बोटांत येतो, रात्री झोपेतून जाग येते का, हे सगळं त्यांना सांगा. मशीनची खरेदी पंधरा दिवस पुढे गेली तरी काही बिघडत नाही.

आता मशीन. तुमचा प्रश्न असा आहे की सगळ्यात ताकदवान कोणतं. त्यामागे एक समज आहे: आधीची दोन मशीन कमजोर होती म्हणून जळली. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या मशीनचं तुम्ही जे लिहिलंय, त्यात उत्तर जवळपास आलेलंच आहे.

हातात धरायच्या या छोट्या मशीनची मोटार साधारण १३० ते १७५ वॅटची असते आणि मिनिटाला ३०–३५ हजार फेरे मारते. तिची सगळी करामत वेगात आहे. तिला थंड ठेवणारा पंखा मोटारीच्याच दांड्यावर बसवलेला असतो, म्हणजे मोटार जोरात फिरली तर वारा जोरात. तुम्ही १२ मिलिमीटरचा बिट लावलात, लाकूड काळं पडायला लागलं म्हणून वेग कमी केलात, वेग कमी झाल्यावर बिट अडकायला लागला म्हणून हाताने दाब वाढवलात. यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी बरोबरच वाटते. पण मोटारीच्या बाजूने पाहा: ओझं वाढलं, करंट वाढला आणि नेमका तेव्हाच पंखा मंदावला. त्यात वाऱ्याच्या भोकांतून सागाची भुकटी आत गेली. कोणत्याही कंपनीचं मशीन असतं तरी ते जळलंच असतं. मशीन वाईट नव्हतं, ते तिसऱ्याच कामाला जुंपलं गेलं.

म्हणून माझं सांगणं असं की उलट्या टोकापासून मोजत या. आधी बिट ठरवा, त्यावरून वेग, मग बिट धरणारा कॉलेट आणि हातात धरायची मूठ, म्हणजे हँडपीस, मग शाफ्ट, आणि मोटार सगळ्यात शेवटी. दुकानात आपण नेमकं याच्या उलट करतो. मोटारीवरचा आकडा वाचून मशीन घेतो आणि घरी आल्यावर कळतं की आपला बिट त्यात बसतच नाही.

बिट कापतो तो त्याच्या कडेच्या धावण्याने. ३ मिलिमीटरचा बिट ३०,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याची धार मिनिटाला साधारण २८० मीटर धावते. त्याच वेगाने १२ मिलिमीटरचा बिट फिरवला तर धार चौपट धावते, ११०० मीटरच्या वर. कापण्यापेक्षा घासणं जास्त होतं आणि साग जळतो. त्याला ३ मिलिमीटरच्या बिटाएवढंच धावू द्यायचं तर ७,५०० फेरे पुरतात. म्हणजे बिट जितका मोठा तितका वेग कमी हवा, आणि त्या कमी वेगातही मोटारीत फिरवायचा जोर शिल्लक हवा. या जोरालाच टॉर्क म्हणतात. 'हेवी ड्युटी' या शब्दाचा तुमच्या कामापुरता अर्थ एवढाच आहे: कमी फेऱ्यांतही न अडकणारं.

आता तुमच्या कामाचे बिट कोणते, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तरी अंदाज बांधतो. जमीन खाली नेणं आणि पाकळ्यांचा ढोबळ आकार काढणं हे ८ ते १२ मिलिमीटरच्या काटेरी कार्बाइड बिटाचं काम. पाकळीची वळणं, वेलीची गोलाई ३ ते ६ मिलिमीटरच्या बिटाने होते. मूर्तीचे डोळे, दागिने, जाळीचे कोपरे यांना अगदी बारीक, सोनार वापरतात तसले बिट लागतात. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. धातूसाठी असलेले बारीक दातांचे कार्बाइड बिट सागावर वापरू नका. सागाच्या तेलात भुकटी कालवली जाऊन दात भरतात, मग बिट कापायचा थांबतो आणि नुसता तापतो. लाकडासाठी मोकळे, काट्यांसारखे दात हवेत. आणि सागात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार लवकर खाते, म्हणून रोजच्या कामाला कार्बाइडच परवडतं, महाग वाटलं तरी.

दुकानदाराचं १ एचपीचं मशीन मी ओळखतो. कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कास्टिंगची साफसफाई करायला तसली मशीन लागतात: चाकांच्या गाड्यावर जाडजूड मोटार, तिच्यातून निघालेला मनगटाएवढा शाफ्ट, टोकाला दगड. दुकानदार खोटं बोलत नाही, ते खरंच जळणार नाही. पण त्यातली मोटार इंडक्शनची असते आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती थेट जोडली तर मिनिटाला २,८०० च्या आसपासच फेरे देते. त्या वेगाला तुमच्या ३ मिलिमीटरच्या बिटाची धार मिनिटाला २६ मीटर धावेल. त्याने लाकूड कापलं जाणार नाही, त्याचे धागे उपटले जातील. शिवाय तो जाड शाफ्ट हाताला इतका ओढतो की त्याने पाकळी कोरणं म्हणजे पहारेने रांगोळी काढण्यासारखं. ते मशीन तुमचं नव्हे.

दुसऱ्या टोकाला मायक्रोमोटर आहे, डेंटल लॅबमध्ये कृत्रिम दात घासून आकार द्यायला वापरतात ते. मोटार हँडपीसमध्येच, वजनाला हलका, थरथर अगदी कमी, वेग ३५ हजारांपर्यंत. बारीक कामाला इतकं सुंदर हत्यार नाही. पण त्याने जमीन खोदायला गेलात तर तिसरं मशीन जळाल्याचं पत्र मला येईल. पुढेमागे फक्त बारीक कामासाठी वेगळं घ्यायला हरकत नाही. तिसरा पर्याय इलेक्ट्रिक डाय ग्राइंडरचा. जोर भरपूर, ६ मिलिमीटरचा कॉलेट, पण दीड किलोच्या आसपास वजन आणि सगळी थरथर थेट तळहातात. हाताला मुंग्या येणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही.

राहिलं ते टांगायच्या मोटारीचं मशीन. ब्रशवाली मोटार हुकाला टांगलेली, तिच्यातून साधारण मीटरभर शाफ्ट खाली आलेला, टोकाला हँडपीस आणि वेगाला पायाचं पेडल. तुमच्या कामाला हेच योग्य आहे असं माझं मत आहे. मोटारीचं वजन हुकावर राहतं, हातात फक्त हँडपीस. मोटार धुळीपासून वर आणि लांब. १/६ एचपी म्हणजे साधारण १२५ वॅट, १/३ एचपी म्हणजे २५० वॅट. हा आकडा मोटार बाहेर किती काम देते त्याचा असतो. छोट्या मशीनवर छापलेले वॅट बहुधा ती आत किती वीज खाते त्याचे असतात. या दोन आकड्यांची थेट तुलना केली की फसगत ठरलेली. तुम्ही १२ मिलिमीटरचे बिट रोज वापरणार आहात, म्हणून १/३ एचपीच्या आसपासची आणि १५,००० फेऱ्यांपर्यंतच जाणारी मोटार घ्या. १५ हजार हा आकडा जुन्या मशीनच्या निम्म्याहून कमी आहे म्हणून बिचकू नका. सारखीच शक्ती निम्म्या वेगात मिळते तेव्हा फिरवायचा जोर दुप्पट होतो आणि तुम्हाला कमी पडत होता तो जोरच. जे वाचक फक्त दागिने, छोट्या मूर्ती किंवा साचे घासण्याचं काम करतात, त्यांना १/६ एचपीची, १८,००० फेऱ्यांची मोटार भरपूर झाली.

आता शाफ्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अशी मशीन बिघडतात ती बहुतेक वेळा इथे. मी २७ वर्षं डाय पॉलिशिंगच्या, म्हणजे साचे घासून चकचकीत करण्याच्या, बाकावर काढली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी टांगायची मोटार सोयीसाठी बाकावर आडवी ठेवत असे. शाफ्ट बाकाच्या कडेवरून काटकोनात खाली वळायचा. दोन दिवसांत त्या वळणावरचं आवरण इतकं तापू लागलं की कोपर टेकवता येईना. आठवड्याने आत कट्‌ असा आवाज झाला आणि मोटार फिरतेय पण बिट थांबलेला. आमच्या फोरमननी मला ओरडण्याऐवजी आवरणातून आतली तार बाहेर ओढायला लावली. वरून सरळ, गुळगुळीत, चकचकीत, आणि बरोबर वळण होतं त्या जागी तुटलेल्या तारांचा झुबका, झिजलेल्या दातांच्या ब्रशसारखा. ग्रीस जळून काळं डांबर झालेलं. मग त्यांनी नखाने एकेक पदर उलगडून दाखवला. ती एक तार नसतेच. बारीक पोलादी तारांचे पदर एकावर एक गुंडाळलेले असतात, एक पदर उजवीकडून, त्यावरचा डावीकडून. सरळ फिरताना वरचा पदर आवळतो आणि आतला पसरू पाहतो, दोघं एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून एवढीशी तार एवढा पीळ वाहून नेते. उलट फिरवलं की वरचा पदर सैल पडतो. आणि वळण घट्ट असेल तर प्रत्येक फेऱ्याला तीच तार एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. मिनिटाला पंधरा हजार वेळा.

त्यातून तीन गोष्टी डोक्यात ठेवा. शाफ्टचं वळण जेवणाच्या ताटाच्या कडेपेक्षा घट्ट कधीच होऊ देऊ नका. मोटार बाकाच्या वर अशा उंचीवर टांगा की हँडपीस कामावर असताना शाफ्ट सैल, मोठ्या वळणात खाली यावा, ताणलेला नको आणि मांडीवर वेटोळं घातलेलाही नको. मोटार हुकावर थोडी फिरती राहू दे, म्हणजे हात वळला की तीही वळते. दुसरं, उलट दिशेचं बटण असलं तरी मोठ्या बिटाने उलट काम करू नका. बिटाचे दातही एकाच दिशेला कापतात. आणि तिसरं ग्रीस: साधारण ५० तास काम झालं की तार बाहेर काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळवा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असं नसतं. फाजील ग्रीस पातळ होऊन हँडपीसमध्ये उतरतं, बेअरिंग तापवतं आणि तुमच्या बोटांवरून देवघरावर डाग पाडतं. सागावर पडलेला ग्रीसचा डाग पॉलिशखालीही दिसत राहतो.

हँडपीस दोन लागतील. एक जाडसर, कॉलेटचा, मोठ्या बिटांसाठी. दुसरा बारीक, पेनासारखा धरता येणारा. इथे आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकी मशीनचे कॉलेट इंचात असतात: पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५. आपल्या बाजारात मिळणारे बिट बहुतेक ६ आणि ३ मिलिमीटर दांड्याचे. ६ चा दांडा ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळला की बसल्यासारखा वाटतो, पण मधोमध बसत नाही. बिट किंचित तिरका फिरतो आणि थरथर सुरू होते. तुमच्या जुन्या मशीनच्या थरथरीत याचा वाटा आहे का, हे एकदा पाहा. सोनारांचे बारीक बिट २.३५ मिलिमीटर दांड्याचे असतात आणि इंचातलं माप २.३८. एवढा फरक सहसा निभतो. तुमच्याकडचे बिट मोजा, दांड्यांची मापं कागदावर लिहा आणि त्या मापाचे कॉलेट मिळतात याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. किल्लीने आवळायचा चक असलेला हँडपीस ० ते ४ मिलिमीटरपर्यंत काहीही धरतो, म्हणून सोयीचा वाटतो, पण १२ मिलिमीटरच्या बिटाचे दांडे बहुधा ६ चे, ते त्यात जाणारच नाहीत.

दुकानात गेल्यावर वेग वाढवून दाखवा म्हणू नका. तो सगळेच दाखवतात. तुमच्याकडचा एक सरळ, लांब, बारीक ड्रिल घेऊन जा. तो हँडपीसमध्ये लावा, अगदी हळू फिरवा आणि मागे पांढरा कागद धरा. टोक एकच दिसलं तर ठीक. टोकाची दुहेरी सावली दिसली तर कॉलेट किंवा बेअरिंग तिरकं आहे. मग दहा मिनिटं कमी वेगावर तसंच चालवायला सांगा आणि हँडपीस हातात धरून उभे राहा. बोटांना चटका बसण्याइतका तापला तर तो तुमच्या आठ तासांच्या कामाला पुरणार नाही. शेवटी काउंटरवर तीन वस्तू मागा: सुटा शाफ्ट, कार्बनची (मोटारीतल्या ब्रशची) जोडी आणि हँडपीसचं बेअरिंग. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर किती दिवसांत ते विचारा. ऑर्डर अर्धी असताना शाफ्ट तुटला की तेवढे दिवस तुम्ही रिकामे. एक जादा शाफ्ट आणि कार्बनची एक जोडी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. शाफ्टची टोकं सगळ्यांची सारखी नसतात, कुणाचं किल्लीसारखं चपटं, कुणाचं चौकोनी, तेव्हा मोटारीशी जुळवूनच घ्या.

३० हजारांतले सगळे मोटारीवर घालवू नका. माझा हिशेब विचाराल तर निदान तिसरा हिस्सा बिट, जादा शाफ्ट, दुसरा हँडपीस आणि धुळीच्या बंदोबस्तासाठी बाजूला काढा. बोथट बिट लावलेलं उत्तम मशीन धारदार बिट लावलेल्या मध्यम मशीनपुढे हरतं, हे मी रोज पाहत आलो आहे. आणि बोथट बिट म्हणजे जास्त दाब, जास्त दाब म्हणजे पुन्हा तुमच्या मुंग्या.

साडूंचं. फोरडम ही अमेरिकेतली या प्रकारच्या मशीनची जुनी कंपनी, तिच्या मोटारी दणकट असतात. त्यांची टीएक्स म्हणून १/३ एचपी, १५,००० फेऱ्यांची मोटार आहे, मी वर सांगितलं त्याच मापाची. पण तिथल्या घरात वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०. तिकडच्या दुकानातून उचललेलं मशीन आपल्या बोर्डात लावलंत तर ते पहिल्या मिनिटाला जाईल. पेडलचंही तेच. व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो जड, महाग, आणि कुणीतरी एक दिवस घाईत थेट बोर्डात पिन घालतंच. २३० व्होल्टचं मॉडेल आणि तसंच पेडल मिळत असेल तरच पूर्ण मशीन मागवा. नाहीतर साडूंना सांगा, हँडपीस, कॉलेट आणि काटेरी कार्बाइड बिट आणा. त्यांना व्होल्टेजशी देणंघेणं नाही आणि ते बॅगेत सहज मावतात. फक्त शाफ्टच्या टोकाशी जुळतील असेच आणायला सांगा, म्हणजे इथली मोटार आधी ठरवावी लागेल. तुमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर मोठ्या बिटाचं काम सकाळी उरका. व्होल्टेज पडलं की मोटार मंदावते, आपण नकळत दाब वाढवतो आणि तुमच्या दुसऱ्या मशीनची गोष्ट पुन्हा सुरू होते.

पडवीतल्या धुळीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण मी सांगणार आहे. पटाशीने कोरताना ढलप्या पडतात, त्या झाडूने गोळा होतात. फिरत्या बिटाने पिठासारखी भुकटी होते आणि ती हवेत तासभर तरंगते. लाकडाच्या भुकटीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, विशेषतः नाकाचा. नाकाला बांधलेला रुमाल ही भुकटी अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क लावा, डोळ्यांना बंद कडांचा चष्मा. आणि मुलं तिथे खेळणं आजपासून बंद. पडवीच्या एका टोकाला ताडपत्रीचा आडोसा करा, भिंतीत बाहेर फेकणारा पंखा बसवा, काम संपल्यावर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. हातमोजे मात्र घालू नका. सुती मोज्याचा एक धागा बिटात अडकला की बोट त्यामागे जातं. उपरणं, गळ्यातला गोफ, सैल बाही, सगळं काम सुरू करण्याआधी काढून ठेवायचं.

मुंग्यांसाठी डॉक्टर सांगतील ते पहिलं. त्याच्या जोडीला बाकावर करण्यासारखं एवढं: वाकलेल्या दांड्याचा बिट सरळ करत बसू नका, फेकून द्या. हँडपीस पक्ष्याचं पिल्लू धरावं तेवढाच धरा, कापायचं काम धारेला करू द्या. वीस मिनिटं मशीन, मग दहा मिनिटं दुसरं काहीतरी: आखणी, घासणं, पटाशी. सगळं मोठ्या बिटाचं काम एका दिवशी उरकण्याऐवजी आठवड्यावर पसरा.

आणि वडील. तुम्ही त्यांचं म्हणणं तीन सल्ल्यांत शेवटी लिहिलंय, जणू ते अडचणीचं आहे. मला त्यात तुमचा फायदा दिसतो. बिटाची कड कधीच पटाशीच्या कडेसारखी येत नाही. पाकळी जमिनीला भेटते तिथे बिट गोलवा ठेवतो, तंतू थोडे उभे राहतात, आणि पॉलिश झाल्यावर ती रेघ मऊ, धुरकट दिसते. पटाशीची रेघ उन्हात उठून दिसते. गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही, पण देवघर त्याला आवडतं किंवा आवडत नाही. शिवाय जिथे भरपूर लाकूड उडवायचं आहे तिथे चांगली धार असलेली रुंद पटाशी आणि हातोडा कोणत्याही बिटाच्या पुढे असतात, धूळ न करता. मशीनचं काम जिथे पटाशी पोचत नाही तिथे: जाळीच्या आत, खालून कापलेल्या पानामागे, उलटसुलट रेषेच्या गाठीवर. वडील हात बिघडतो म्हणतात तेव्हा कदाचित तुमच्या कडा पाहून म्हणत असतील. विचारून पाहा. त्यांनी नेमकं काय पाहिलं ते तुम्हाला सांगतील.

खरेदीच्या आधी एक दिवस असा काढा. जुनाच एखादा सागाचा तुकडा घ्या, फूटभराचा, त्यावर तुमच्या देवघरावर असतं तेच कमळ दोनदा आखा. एक वडिलांनी पटाशीने कोरायचं. दुसरं तुम्ही, ढोबळ काम पटाशीने आणि उरलेलं मशीनने, त्यासाठी ओळखीच्या कुणाकडून टांगायची मोटार दिवसभरासाठी मागून आणा. कोणत्या टप्प्याला किती मिनिटं लागली ते पेन्सिलने त्याच फळीच्या मागे लिहा: जमीन, आकार, बारीक काम, घासणं. मला असं वाटतं की तुमचा सगळ्यात जास्त वेळ कोरण्यात जात नसून बिटाच्या खुणा पॉलिश पेपरने घासण्यात जातो, पण तो आकडा तुमच्या फळीवरच मिळेल. फळी घेऊनच दुकानात जा, आणि मुंग्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.